एका येझदीचं पासिंग

ज्यांना त्या रोज चालवाव्या लागल्या नाहीत, तीच माणसं जुन्या फटफट्यांबद्दल जास्त हळवी होतात, असं माझं आता मत झालंय. मीही त्यातलीच. आमच्या घरात आईची लूना होती, पुढे माझी कायनेटिक होंडा आली. मोटरसायकल होती ती समोरच्या वाड्यातल्या भाडेकरूकडे, येझदी. संध्याकाळी ती बोळात शिरली की आवाज भिंतीभिंतींवरून घुमायचा आणि मागे बराच वेळ जळक्या तेलाचा वास रेंगाळायचा. आजीला त्यानं ठसका लागायचा, मला तो वास आवडायचा. पंचेचाळिशी उलटली, लेक शिकायला बाहेर गेली, हातात थोडे पैसे मोकळे झाले, तेव्हा ठरवलं की येझदी घ्यायची. आणि तीही चालू नाही, बंद पडलेली. इंजिन उघडण्यापासून पासिंगपर्यंत सगळं शेजारी उभं राहून बघायचं होतं.

गाडी पुण्यातच, खडकीला मिळाली. 1979 ची येझदी 250, सहा व्होल्टची, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. मालक दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले काका. गाडी जिन्याखाली, तिच्यावर गोणपाट, गोणपाटावर कुंड्या. कुंड्या मलाच उचलायला लावून काकांनी विचारलं, "कुणासाठी घेताय?"

"माझ्यासाठीच."

"चालवणार तुम्ही?" त्यांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग ऐका. किक डाव्या अंगाला आहे, आणि तीच गिअरची पट्टी आहे. आत दाबून वर घ्यायची, मग मारायची. सँडल घालून मारू नका, नडगी फुटेल."

ही एकच पट्टी म्हणजे जावा-येझदीवाल्यांचा अभिमान. पायानं गिअर टाकायची तीच पट्टी आत दाबून फिरवली की किक होते. शिवाय गिअर टाकायला पट्टी हलवली की आतून क्लच आपोआप सुटतो, त्यामुळे क्लचची केबल तुटली तरी माणूस घरी पोचतो. ही सगळी करामत मूळची चेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीची. त्यांचा परवाना घेऊन म्हैसूरला 1961 पासून जावा निघायला लागल्या, आणि सत्तरच्या दशकात त्याच गाड्या येझदी नावानं आल्या.

मला वाटलं होतं, गाडी देताना काकांना गहिवरून येईल. त्यांनी नोटा दोनदा मोजल्या आणि म्हणाले, "कुंड्यांखालच्या थाळ्या तेवढ्या नेऊ नका." मीच मग खोदून खोदून विचारलं, तेव्हा चहा घेता घेता बोलले. दर पंधरवड्याला वाईला जायचे. थोरला पुढे टाकीवर, काकू मागे, धाकटी त्यांच्या मांडीवर. खंबाटकीला तेव्हा बोगदा नव्हता, जाता-येता दोन्ही वेळा घाटच. "पावसात प्लगच्या टोपीत पाणी गेलं की घाटात थांबायचं. हिनं छत्री धरायची, मी प्लग पुसायचा. मागून एसटी हॉर्न मारतेय. त्यात कसली आलीय मजा?" काकू आतून म्हणाल्या, "आणि सासरी पोचल्यावर लुगड्यावर तेलाचे ठिपके."

आता दोघांची ॲक्टिव्हा आहे. बटण दाबलं की चालू होते, याचं काकांना आजही कौतुक आहे. गाडी सुरू झाली की दाखवायला आणू का, असं मी विचारलं. "कशाला? आवाज पाठ आहे मला."

गाडी टेम्पोत घालून आणली.

सुट्या भागांची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. कारखाना 1996 लाच बंद पडलेला, सामान मिळणार कुठून? ती धास्ती फुकटच होती. नाना पेठेत दोन दुकानं फिरले तर पिस्टन, रिंगा, गॅस्केटचा सेट, केबली, गुडघ्याला टेकायचे टाकीवरचे रबर, सगळं मिळालं. बराचसा माल दिल्ली-लुधियानाचा. 'ओरिजिनल म्हैसूर' म्हटलं की किंमत तिप्पट आणि दुकानदाराचा आवाज अर्धा. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी लवकर गेलं तर डायनॅमोची झाकणं, कार्ब्युरेटरचे तुकडे, एखादं मीटर असं काहीबाही मिळतं. पण आपल्याला नक्की काय हवंय ते ठाऊक असलं पाहिजे, कारण विकणाऱ्याला ते राजदूतचं आहे की येझदीचं याच्याशी देणंघेणं नसतं.

अडलं ते माणसांपाशी. ज्याला त्याला विचारलं की उत्तर एकच, "आम्ही फोर स्ट्रोकच करतो." येझदी टू स्ट्रोक, म्हणजे तेल मिसळलेल्या पेट्रोलावर चालणारी; तरुण मिस्त्रींनी हे इंजिन कधी उघडलेलंच नाही. शेवटी गंज पेठेतल्या एका गॅरेजात चाचा सापडले. वय सत्तरीच्या पुढे, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. त्यांनी गाडीकडे बघितलंही नाही, आधी मला विचारलं, "घाई आहे का ताई?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग ठेवा."

इंजिन उघडलं त्या दिवशी मी रजा काढली होती. येझदीचं इंजिन बघायला साधं असतं. एक सिलिंडर, 65 मिलिमीटरचा बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास, 75 चा स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव, व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही. एकाच सिलिंडरला एक्झॉस्टची दोन तोंडं, म्हणून दोन बाजूंना दोन सायलेन्सर. हेड काढल्यावर पिस्टनच्या डोक्यावर कार्बनची जाड खपली होती, ती चाचांनी स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं उचकटली. मग त्यांनी कनेक्टिंग रॉड दोन बोटांत धरून वरखाली केला. टक-टक असा बारीक आवाज आला. "मोठं बेअरिंग गेलंय. क्रँक काढावा लागणार." क्रँकच्या बाजूची ऑईल सीलं पार कडक झाली होती, नखानं तुकडे पडत होते. सील असं फाटलं की इंजिन गिअरबॉक्समधलं ऑईल आत ओढतं आणि जाळतं. सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो, मालकाला वाटतं पेट्रोलात मिसळायचं टूटी ऑईल जास्त झालं, तो ते कमी करतो आणि पिस्टन जॅम होतो. चाचांच्या मते निम्म्या येझदी अशाच मेल्या.

क्रँकचं काम लेथवाल्याकडे. हा एक दिवस मला फार काळ आठवेल. क्रँक म्हणजे पिस्टनची वरखाली हालचाल गोल फिरण्यात बदलणारा दांडा. येझदीचा क्रँक अखंड नसतो. दोन जड चकत्या, मधे पिन, सगळं दाबून बसवलेलं. जुनी पिन प्रेसवर काढली, नवा रॉड, नवे रोलर घातले, पुन्हा दाबलं. एवढं कुणीही करेल. पण दाबताना दोन चकत्या एकमेकींना तंतोतंत समोरासमोर येत नाहीत, आणि केसाइतका फरक राहिला तरी गाडी हातात थरथरते आणि बेअरिंग खाते. लेथवाल्या काकांनी क्रँक दोन सेंटरमध्ये टांगला, दोन्ही टोकांना डायल लावली आणि हातानं हळूहळू फिरवला. काटा हलला. चकतीवर खडूची एक खूण केली, क्रँक उतरवला, तांब्याच्या हातोडीनं बरोब्बर त्या खुणेपाशी एक ठोका दिला. पुन्हा टांगला. काटा आधीपेक्षा कमी हलला, पण आता दुसऱ्या टोकाचा जास्त. पुन्हा खूण, पुन्हा ठोका. कधी दोन चकत्यांमध्ये पाचर घालून किंचित फाकवलं, कधी बाहेरून दाबलं. मी विचारलं, किती जोरात मारायचं ते कसं कळतं? ते म्हणाले, "आवाजावरून." मग थोडं थांबून, "आणि आधी बरेच खराब करून." शेवटी काटा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात दोन-तीनच्या आत थरथरायला लागला. त्यांनी फडक्यानं क्रँक पुसला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला. त्यांच्याकडे काम शिकायला कुणीच नाही. मुलगा हिंजवडीला आहे.

रंग आणि प्लेटिंगचं फार सांगण्यासारखं नाही. टाकीत गंज होता, आत साखळीचे तुकडे घालून ती तासन्‌तास हलवली, मग ॲसिडनं धुतली. रिमा आणि सायलेन्सर भोसरीला क्रोमला दिले, वेळेपेक्षा खूप उशिरा मिळाले. टाकीवरची सोनेरी रेघ मात्र स्टिकरनं नको म्हणून हट्ट धरला. पूर्वी पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरनं लांब केसांच्या ब्रशनं, मनगट टाकीवर न टेकता, एका दमात ती ओढली. डावीकडची उजवीपेक्षा किंचित जाड आलीय. मी काही बोलले नाही.

इंजिन बसल्यावर आलं टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची ते ठरवणं. इथं चाचांचा खरा हात दिसला. येझदीत प्लगला ठिणगी द्यायचं काम डायनॅमोपाशी बसलेले पॉइंट करतात. पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या तीनेक मिलिमीटर आधी ते उघडले पाहिजेत. हल्ली त्यासाठी दिव्याची यंत्रं मिळतात. चाचांनी प्लगच्या भोकातून एक पट्टी आत सोडली, पिस्टन वर येऊन पुन्हा किती खाली गेला ते बघून त्यावर नखानं खूण धरली. मग खिशातून सिगारेटचं पाकीट काढलं, आतल्या पातळ कागदाची एक चिंधी फाडली आणि पॉइंटच्या फटीत सरकवली. "धरा ताई. हलकं ओढत राहा." मी कागद ओढत राहिले, त्यांनी इंजिन अगदी सावकाश फिरवलं. कागद घट्ट, घट्ट, घट्ट, आणि एका क्षणी अलगद सुटून माझ्या हातात आला. "बस. इथंच पॉइंट उघडतो." त्यांनी पट्टीकडे पाहिलं, तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलले, पॉइंट बसवलेली प्लेट चिमूटभर फिरवली, आणि पुन्हा कागद. चार-पाच चिंध्या झाल्यावर त्यांचं समाधान झालं. मग म्हणाले, दुकानात ते सिगारेट ओढत नाहीत, पाकीट फक्त कागदासाठी ठेवतात. मला ते खरं वाटलं नाही.

गॅरेजातल्या पोराला मात्र राहवलं नाही. चाचा नमाजला गेले असताना त्यानं 'जास्त पिकअप येईल' म्हणून प्लेट पुढे सरकवली आणि किक मारली. इंजिन चटकन सुरू झालं. त्यानं ऐटीत पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी त्याला घेऊन मागे गेली. मागच्या लूनावर. टू स्ट्रोक इंजिनाला व्हॉल्व्ह नसतात, त्यामुळे ठिणगी फार आधी पडली तर पिस्टन उलट ढकलला जातो आणि इंजिन उलट्या दिशेनंही तेवढ्याच आनंदानं फिरतं. हे मी ऐकून होते, पण डोळ्यांनी बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. चाचा परत आले, लूना आडवी बघितली आणि एका शब्दानंही न विचारता पान्हा उचलून प्लेट मागे घेतली.

मग कागदपत्रं. माझ्या गाडीचा नंबर जुन्या पद्धतीचा, 'एम'नं सुरू होणारी तीन अक्षरं आणि पुढे चार आकडे. बुक म्हणजे खरोखरच पुस्तक, शाईनं भरलेलं. ही नोंद आधी आरटीओच्या 'वाहन' नावाच्या संगणक प्रणालीत चढवावी लागते, त्याशिवाय पुढचं काही होत नाही. मग नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30, नोंदणीच्या नूतनीकरणाला फॉर्म 25, विमा, पीयूसी, पर्यावरण कर. पंधरा वर्षांपुढच्या दुचाकीची नूतनीकरण फी 2022 च्या एप्रिलपासून 300 ची 1000 झाली होती. चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासायची आणि तो ठसा लावायचा, हे काम मी लहानपणी नाण्यांवर केलं होतं, ते एकदाचं उपयोगी पडलं.

अनेकांनी सुचवलं, थोडी थांब, पन्नास वर्षं होऊ दे, व्हिंटेजमध्ये नोंद कर. 2021 साली तसा केंद्राचा नियम आलाय खरा. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या आणि मूळ रूपात असलेल्या गाडीला 'व्हीए' असलेला वेगळा नंबर मिळतो, नोंदणी वीस हजार रुपये, दहा वर्षांसाठी. पण मग ती गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. मला भाजी आणायला जायचं होतं.

पासिंगला गाडी उभी केली तेव्हा तपासणाऱ्या साहेबांनी पुढच्या मडगार्डकडे बोट दाखवलं. तिथं नंबरची पट्टी आडवी, चाकाच्या दिशेनं बसवलेली, दोन्ही बाजूंनी वाचता येईल अशी. त्यांनी ती हातानं चाचपली आणि म्हणाले, "आमच्या वडिलांच्या गाडीला अशी होती." मग लगेच, "नवी हाय सिक्युरिटी प्लेट समोरच लावायची. ही काढा." काढली. ठेवलीय कपाटात.

जुलैतल्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले जमतात, तिथं गेले. माझ्यासारखे नवे हौशी बरेच, पण मला बघायचे होते ते मूळचे. सत्तरी-पंचाहत्तरीचे चार-पाच जण कडेला खुर्च्या टाकून बसले होते. नवी पोरं क्रोम चमकवत फोटो काढत होती आणि हे लोक एकमेकांना गुडघ्याच्या डॉक्टरांची नावं सांगत होते. मी त्यांच्याजवळ बसून घेतलं. त्यांच्याकडून जे मिळालं त्याला आठवणी म्हणता येणार नाही. कामाच्या सूचना म्हणता येतील. नवी केबल घातली की तिच्याच शेजारून दुसरी नवी आधीच ओवून ठेवायची, तुटली की फक्त टोक बदलायचं. खिशात जादा प्लग हवाच, कारण टू स्ट्रोकचा प्लग कार्बननं कधी बंद होईल नेम नाही. रात्री घाटात वळणावर रेस सोडायची नाही. सहा व्होल्टचा डायनॅमो इंजिन मंदावलं की दिवाही मंद करतो, म्हणजे जिथं रस्ता दिसायला हवा नेमका तिथंच समईइतका उजेड.

त्यांच्यातले एक म्हणाले, 1985 ला हिरो होंडाची सीडी 100 आली आणि त्यांनी वर्षभरात येझदी विकली. "फिल इट, शट इट, फर्गेट इट, अशी जाहिरात होती. मला तेच हवं होतं. गाडी विसरायची होती मला." सगळे हसले. कुणी त्यांना नावं ठेवली नाहीत. यामाहाची आरएक्स 100 ही त्याच वर्षाची, तीही टू स्ट्रोक, तिच्यावर मात्र दोघांनी अजून जीव टाकला, आणि येझदीच्या मेळाव्यात ते थोडं गैरच दिसलं.

धुराबद्दल माझं त्यांच्याशी पटलं. 1996 आणि 2000 च्या प्रदूषणाच्या नियमांनी टू स्ट्रोक मोटरसायकली संपवल्या याचा हल्लीच्या चाहत्यांना राग असतो. लक्ष्मी रोडवर ऐंशीच्या दशकातल्या संध्याकाळी जे उभे राहिले आहेत, त्यांना तो राग येत नाही. डोळे चुरचुरायचे. आपण पेट्रोलबरोबर तेलही जाळतो, त्यातलं काही न जळता बाहेर फेकतो, हे कौतुकानं सांगण्यासारखं नाही. मी गाडी काढते ती सकाळी लवकर, आणि बोळात कुणाच्या दारापाशी ती चालू ठेवून उभी राहत नाही.

सध्याची खरी अडचण पेट्रोलची आहे. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलंच मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जुनी रबरं फुगवतं. कार्ब्युरेटरची सुई आणि पेट्रोल कॉकची गॅस्केटं मला एकदा बदलावी लागलीच. त्यामुळे टाकी भरून ठेवायची नाही, लागेल तेवढंच भरायचं, लिटरला 40 मिली टूटी ऑईल मोजून घालायचं आणि गाडी उभी करताना कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू द्यायचं. पूर्वी पंपावर पोऱ्या ऑईलचा हँडल मारून द्यायचा, आता मापाची बाटली माझ्या पिशवीत असते.

पहिली लांबची फेरी सासवडची केली. चढताना काही प्रश्न आला नाही. तिसऱ्या गिअरमध्ये दिवे घाट आरामात चढली. उतरताना मात्र त्या खुर्चीवाल्या मंडळींचं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं ध्यानात ठेवावं लागलं. घाट उतरताना आपण सवयीनं थ्रॉटल बंद करतो आणि गिअरवर गाडी रोखतो. फोर स्ट्रोकला ते चालतं. येझदीत तेल पेट्रोलातूनच येतं, थ्रॉटल बंद म्हणजे पेट्रोल बंद, पेट्रोल बंद म्हणजे तेल बंद, आणि इंजिन मात्र उताराच्या जोरावर गरगर फिरतंय. दोन-चार वळणांत पिस्टन जॅम होतो आणि मागचं चाक जागच्या जागी थांबतं. म्हणून थोड्या थोड्या वेळानं क्लच दाबून थ्रॉटल द्यायचा, एक घोट पाजायचा, पुन्हा सोडायचा. मी तसं करत उतरले. मस्तानी तलाव डावीकडे की उजवीकडे गेला ते सांगता येणार नाही, सगळं लक्ष कानात होतं. ब्रेक दोन्ही ड्रमचे, त्यांच्याकडून फार अपेक्षा नव्हती; घाटाच्या पायथ्याशी वडकीला पोचेपर्यंत पुढच्या हबमधून जळक्या लायनिंगचा वास यायला लागला.

तिथं चहाच्या टपरीपाशी गाडी लावली. आरएक्स 100 वरून दोन पोरं आली, गाडीभोवती फेरी मारली, पट्टी आत दाबून पाहिली.

"काकू, विकायचीय का?"

"नाही."

"मग टाकीचं रबर कुठून घेतलं तेवढं सांगा. आमच्या मामाच्या गाडीला हवंय, तीन महिने झाले बंद आहे."

मी नाना पेठेतलं दुकान सांगितलं, आणि चाचांचा पत्ताही. पोरगं म्हणालं, "ते चाचा? त्यांनी मामाला विचारलं होतं घाई आहे का. मामा हो म्हणाला."